पत्र पाहिलं होतं का?

७१ च्या लढाईत जमालपूरला होतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. शाळेत २६ जानेवारीला बोलावतात तेव्हा गुरुजी विचारतात, एसटीत शेजारी बसलेला पोरगा विचारतो, "ते गोळीचं पत्र तुम्ही पाहिलं होतं का?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९७१, पूर्व पाकिस्तान, म्हणजे आजचा बांगलादेश. आमची पहिली मराठा, जंगी पलटण, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला टांगाइलचा रस्ता अडवून बसली होती. गावात पाकिस्तानची ३१ बलुच पलटण. आमच्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी त्यांच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदना शरण येण्याबद्दल पत्र पाठवलं. मुक्तिवाहिनीचा, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या तिथल्या लोकांच्या फौजेचा, एक माणूस जिवावर उदार होऊन ते घेऊन गेला. उत्तर आलं त्यात बंदुकीची गोळी होती, आणि मजकूर असा की पुढच्या भेटीत तुमच्या हातात लेखणीऐवजी स्टेनगन दिसू दे.

नाही, मी ते पाहिलं नाही. मी शिपाई, मोर्च्यात होतो. मी पाहिलं ते पत्र वेगळं. तुम्ही विचारलंत म्हणून तेच सांगतो.

सेक्शनमध्ये माझं अक्षर बरं. ज्यांना लिहिता येत नसे ते संध्याकाळी इनलँड पत्र घेऊन माझ्याकडे येत. माझा जोडीदार माण तालुक्यातला, सही तेवढी करायचा. त्याची सगळी पत्रं मी लिहिली, आलेली मीच वाचून दाखवली. नोव्हेंबरात, लढाई सुरू व्हायच्या आधी, तो तणतणत आला. वैरण नाही म्हणून थोरले आप्पा बैल विकायला निघाले होते. म्हणाला, "लिही, बैलाला हात लावलात तर मी घराची पायरी चढणार नाही."

मला ते लिहवेना. मी लिहिलं, "तीर्थरूप आप्पांस शिरसाष्टांग नमस्कार. बैल विकू नये. माघात रजा मिळेल. आल्यावर दोघं मिळून बघू." आणि त्याला वाचून दाखवताना मात्र त्याचंच वाक्य म्हटलं. त्यानं खुशाल सही केली.

नदी ओलांडताना तिथल्या गावकऱ्यांनी होड्या आणल्या, बैलगाड्या जुंपल्या. आम्ही सगळे थंडीनं काकडलो होतो आणि हा गडी एका बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा. "लहान चणीचा आहे, पण खांदा बघ कसा आहे," म्हणाला.

१० डिसेंबरच्या रात्री दुश्मन गाव सोडून आमच्याच अंगावर चालून आला. त्या रात्रीचं जास्त सांगत नाही. आमची एलएमजी, हलकी मशीनगन, तापून हात लावू देत नव्हती. पहाटेला जोडीदार माझ्या डावीकडे पडलेला होता, डोक्याखाली हात घेऊन झोपावं तसा. आणखी दोघे माझ्या अगदी जवळचे गेले. त्यातला एक भजनात टाळ धरायचा. तेव्हापासून टाळ ऐकला की मी मंडपातून उठून बाहेर येतो. घरच्यांना आता ते माहीत आहे.

ढाका १६ तारखेला पडलं. डाक त्यानंतर आली. हवालदार साहेबांनी जोडीदाराचं नाव पुकारलं, सगळे गप्प झाले, आणि इनलँड माझ्या हातात आलं. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठीचं पाच पैशांचं जादा तिकीट त्यावर लावलेलं होतं. मी एका बाजूला जाऊन बसलो आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं. "चिरंजीवास अनेक आशीर्वाद. बैल विकला नाही. कडबा पाहुण्यांकडून आणला आहे. तू ये, मग दोघं बघू."

७२ साली रजेवर आलो तो थेट त्यांच्या गावी गेलो. दुष्काळ असा की विहिरींत नुसता खडक दिसत होता. आप्पांनी फोटोमागून माझ्या हातचं पत्र काढलं आणि म्हणाले, "अक्षर तुझं आहे, तूच वाच." मी वाचायला लागलो. त्या ओळीपाशी आलो तर आप्पा माझ्याबरोबर म्हणू लागले, त्यांना पाठच होतं.

मग मला गोठ्यात नेलं. बैल उभा होता, फऱ्याची हाडं वर आलेली. दावणीत पळसाचा पाला. गावातली निम्मी जनावरं विकली गेली होती. मी विचारलं, "आप्पा, याला का ठेवलाय?"

"दोघं मिळून बघू म्हणालाय तो. एकट्यानं कसा विकू?"

ते वाक्य माझं होतं हे मी तेव्हा सांगितलं नाही, नंतरही कधी सांगितलं नाही. आता आप्पाही नाहीत.