मळीपासून टोरुला यीस्ट: साखर पुरते, हवा कमी पडते

साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) म्हटली की डोळ्यांसमोर डिस्टिलरीच येते. पण त्याच मळीवर भरपूर हवा देऊन टोरुला नावाचं खाद्य यीस्ट वाढवलं, तर वाळल्यावर ४५ ते ५० टक्के क्रूड प्रोटीनचं (म्हणजे नत्र मोजून काढलेल्या प्रोटीनचं) पशुखाद्य हाती येतं.

१०० लिटरचा हिशोब धरू. सी-हेवी मळीत (साखर काढून झाल्यावर उरणाऱ्या शेवटच्या मळीत) यीस्टला पचेल अशी साखर ४५ टक्के धरली, तर ९ किलो मळीत ४ किलो साखर आली. मळीत तेवढंच पाणी घाला, गंधकाम्लाने सामू (pH) ४.५ वर आणा, ८०-९० अंशांवर तापवा आणि रात्रभर निवू द्या. तळाशी चुन्याचा गाळ बसतो. वरचं नितळ तेवढंच घ्या, नाहीतर हवेच्या नळीची भोकं बुजतात.

मळीत पालाश भरपूर, स्फुरद नावापुरतं आणि नत्र यीस्टच्या फारसं कामाचं नाही. म्हणून युरिया ३०० ग्रॅम आणि डीएपी १४० ग्रॅम, दोन्ही टेक्निकल ग्रेडचे. खताचा युरिया नकोच. त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, शिवाय तो अनुदानाचा, शेतासाठीचा. पाण्याने ९० लिटर करून १० लिटर ताजं कल्चर (आधी वाढवून ठेवलेलं टोरुला यीस्ट) सोडा. तापमान ३०-३२ अंश, सामू ४.५, एवढ्या आंबटपणात बरेचसे जिवाणू मागे पडतात.

आता हवा. ४ किलो साखरेतून फार तर २ किलो सुकं यीस्ट मिळतं आणि त्याला ऑक्सिजनही साधारण २ किलो लागतो. मिनिटाला १०० लिटर हवा १२ तास सोडली, तर तिच्यात ऑक्सिजन असतो जवळपास २० किलो. म्हणजे त्यातला दहावा हिस्सा द्रवात विरघळायलाच हवा. बुडबुडे मोठे असले की तेवढाही विरघळत नाही. झाकण उघडताच दारूचा वास आला, तर यीस्ट गुदमरतंय. अशा वेळी हवा वाढवा, आणि पुढच्या खेपेला मळी एकदम न ओतता दर तासाला थोडी थोडी सोडा. फेसावर खाद्यतेल थेंबाथेंबानेच. जास्त झालं तर ऑक्सिजन विरघळणं मंदावतं. वाढत्या यीस्टची उष्णताही मोठी असते. उन्हाळ्यात टाकीभोवती फिरणारं पाणीच कोमट असेल, तर चिलरशिवाय निभत नाही.

पेशी इतक्या बारीक की फडक्यातून निसटतात, सेंट्रिफ्यूजच (गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र) लागतो. दोनदा धुवा, मळीतले क्षार राहिले तर कोंबड्या पातळ विष्ठा टाकतात. मग ८० अंशांवर अर्धा तास ठेवून पेशी मारा आणि वाळवा.

प्रोटीनच्या आकड्यात न्यूक्लिक आम्लांचं (पेशीतल्या डीएनए-आरएनएचं) नत्रही मोजलं जातं, म्हणून खाद्य बांधताना तो आकडा जसाच्या तसा धरू नका. मक्यात कमी असलेलं लायसिन हे अमिनो आम्ल यात भरपूर आहे, मेथिओनिन मात्र वरून द्यावं लागतं.