रवळ्या-जवळ्याच्या पठारावरची कोजागरी

नाशिककडच्या माणसाला कोजागरी म्हटलं की आधी सप्तशृंगगड आठवतो. नद्यांचं पाणी कावडीतून घेऊन भाविक त्या दिवशी गडावर येतात, रस्ते फुलून जातात. आमच्या गिरिभ्रमण मंडळाची कोजागरी त्याच सातमाळा रांगेत होते, पण थोडी पूर्वेला सरकून. मंडळातल्या जुन्या मंडळींनी घालून दिलेला नेम असा, की नाव सांगितल्यावर घरच्यांनी "हा कुठं आला?" असं विचारलं पाहिजे, असाच डोंगर निवडायचा. कळसूबाई (१६४६ मीटर) आणि साल्हेर (१५६७ मीटर) यांना वर्षभर कधीही जाता येतं.

या सगळ्या कोजागरींमध्ये माझ्या मनात घर करून बसलीय ती रवळ्या-जवळ्याची. मुळाणबारीतून चढून आलं की ऐसपैस पठार लागतं, आणि त्याच्या दोन बाजूंना हे दोन जुळे किल्ले. जवळ्याच्या कातळात कोरलेला दरवाजा आहे, त्यावर फारसी शिलालेख. रवळ्याची शेवटची चढण मात्र चांगलीच दमवते. ऑक्टोबरात गवत वाळून आडवं झालेलं असतं आणि बुटाखालून सटकन सरकतं. तिथं एक ज्येष्ठ काका कड्याला टेकून उभे राहायचे आणि प्रत्येकाला सांगायचे, "डावा पाय इथं. आता उजवा. घाई नको, चंद्र कुठं पळून जात नाही."

माथ्यावरून पूर्वेला धोडप दिसतो, कातळभिंतीतल्या त्या खाचेमुळे लगेच ओळखू येणारा. पश्चिमेला मार्कंड्या आणि त्यापलीकडे सप्तशृंगगड. मार्कंडेय ऋषी या डोंगरावरून पुराण सांगत आणि देवी मान कलती करून ऐकते, ही कथा काकांनी दरवर्षी सांगायची आणि आम्ही दरवर्षी नव्यानं ऐकायची.

दूध मात्र खालून कधीच नेलं नाही. पठारावर वस्ती आहे, गुरं आहेत. तिथल्या मावशी पातेलं भरून दूध द्यायच्या आणि चूलही स्वतःच मांडायच्या, कारण आमच्या चुलीवर त्यांचा भरवसा नव्हता. वेलदोडे दगडावर ठेचायचे, चारोळी वरून टाकायची. दूध आटेपर्यंत नव्या मंडळींची ओळख आणि मग गाणी. वस्तीवरची पोरं आमच्यापेक्षा सुरात गायची.

आम्ही अशा डोंगरांना 'अनवट' म्हणतो, पण मावशींच्या घरच्यांना तिथली प्रत्येक ढोरवाट ठाऊक असते. कुठलं टाकं फेब्रुवारीत आटतं आणि कुठलं मे महिन्यातही पाणी देतं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. मंडळाच्या वहीत हे सगळं दरवर्षी उतरवलं जातं, आणि लिहायचं काम सगळ्यात नव्या सभासदाकडे. मला ही प्रथा फार आवडते. फोटो ढिगानं निघतात, पण पुढच्या वर्षी पाणी शोधताना ती वहीच उपयोगी पडते.

यंदा कांचना किल्ला ठरलाय. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांची मोगलांशी लढाई झाली, ती याच भागात. कोजागरीही ऑक्टोबरातच येतेय, म्हणून त्या रात्री लढाईची हकिकत सांगायचं काम मी आनंदानं घेतलंय. दुधासाठी पायथ्याच्या गावातल्या एका दादांशी बोलणं झालंय. पातेलं आपलं आणा, एवढंच ते म्हणाले.