शेवटचा हप्ता

"घाई केलीस पोरी. थांबली असतीस तर माफ झालं असतं."

नौपाड्यातल्या बँकेत शैक्षणिक कर्जाचा शेवटचा हप्ता भरून 'नो ड्यूज'चा कागद घेत होते, तेव्हा मागच्या खुर्चीवरचे काका म्हणाले. चेष्टेनं नाही, अगदी काळजीनं. मुलाची नोकरी सुटलीय, हप्ते थकलेत. हातातली नोटीस घड्या घालून घालून मऊ पडली होती.

तिथे काही बोलले नाही. पण तीन हात नाक्यापर्यंत चालत आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

८४ हप्ते. प्रत्येकाची खूण आईनं कालनिर्णयवर लाल पेनानं केलीय. तिच्या पाटल्या पहिल्याच वर्षी गेल्या, त्या परत झाल्याच नाहीत.

अमेरिकेत २०२२ मध्ये बायडन यांनी अशी माफी जाहीर केली, बहुतेकांना १० हजार डॉलरपर्यंत. २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. तेव्हाही फेडून मोकळे झालेले विचारत होते, आमचं काय? आपल्याकडे २०१९ च्या शेतकरी कर्जमाफीत नियमित फेडणाऱ्यांसाठी निदान ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनाची रक्कम तरी ठेवली. ते मला पटतं.

काकांच्या मुलाला मुदत वाढवून द्या, नोकरी लागेपर्यंत व्याज थांबवा, मी आनंदानं हो म्हणेन. सरसकट माफी म्हटलं की मात्र मला त्या लाल खुणा दिसतात.

घरी आल्यावर आईनं कागद देवापुढे ठेवला. काका काय म्हणाले ते तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का?