बसबारवरचा बिनबॅटरीचा टॅग

एचटी पॅनल (हाय टेन्शन विजेचं कपाट) चालू असताना आतल्या बसबारचा, म्हणजे करंट वाहणाऱ्या जाड धातूच्या पट्टीचा, जॉइंट किती तापलाय हे कळणं ही आम्हा मेंटेनन्सवाल्यांची जुनी गरज आहे, आणि त्यावर मला आजवर सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे बॅटरी नसलेला आरएफआयडी (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारा) टेम्परेचर टॅग. आरएफआयडी म्हटलं की लोकांना ऑफिसचं कार्ड नाहीतर फास्टॅग आठवतो, पण असा टॅग मोजमापही करतो हे इलेक्ट्रिकलच्या पोरांनाही बरेचदा माहीत नसतं, म्हणून लिहितोय.

630 अँपिअर वाहणारा जॉइंट घ्या. नीट आवळलेला असेल, रेझिस्टन्स समजा 10 मायक्रोओहम, तर उष्णता साधारण 4 वॅट, काहीच नाही. बोल्ट सैल झाला, कॉन्टॅक्ट काळा पडला आणि तोच रेझिस्टन्स 100 मायक्रोओहम झाला की तेवढ्याशा जागेत 40 वॅट, मग तापल्यामुळे ऑक्सिडेशन वाढतं आणि ऑक्सिडेशनमुळे अजून तापतं, हे आपोआप थांबत नाही. थर्मोग्राफी, म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी, आपण करतो, पण ठरलेल्या दिवशीच, आणि कॅमेऱ्याला जॉइंट दिसला तर. 11 केव्हीच्या लाइव्ह बसबारवरून सेन्सरची वायर खाली आणली तर क्लिअरन्सची, म्हणजे लाइव्ह भागापासून ठेवायच्या सुरक्षित अंतराची, वाट लागते. बॅटरीवाला वायरलेस सेन्सर लावावा तर साध्या बटण सेलला सतत 60-70 डिग्रीच्या वर राहणं झेपत नाही, आणि सेल संपला की बदलायला परत शटडाउन!

टॅगमध्ये सेलच नाही. रीडर, म्हणजे टॅग वाचणारं यंत्र, रेडिओ लहरी सोडतो, आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्झ, म्हणजे फास्टॅगचाच बँड. टॅगचा अँटेना त्या पकडतो, चिप त्यांचं डीसी करून घेते आणि तेवढ्यावर जागी होते. तेवढ्यावर म्हणजे किती, तर मोकळ्या जागेत पाच मीटरवर मिलिवॉटच्या काही दशांशाइतकी पॉवर हाती लागते, त्यात टेम्परेचर मोजायचं आणि उत्तरही द्यायचं. उत्तर द्यायला टॅग स्वतःची लहर तयार करत नाही, तेवढी ताकदच नाही त्याच्याकडे. तो अँटेनावरचा लोड बदलत राहतो, त्यामुळे रीडरचीच लहर कधी जास्त कधी कमी परत फिरते, आणि रीडर त्यातून आकडे वाचतो. पोरं आरशाने कवडसा पाडतात तसंच, ऊन सूर्याचं, हात फक्त हलतो.

ही आयडिया किती जुनी आहे बघा. 1945 मध्ये मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूत हॅरिमन यांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली, ती राजदूताच्या घरात भिंतीवर टांगली गेली आणि 1952 पर्यंत तिच्यात लपवलेला मायक्रोफोन कोणाला सापडला नाही. सापडणार कसा, आत ना बॅटरी ना वायर. बाहेरून रेडिओ लहर मारली की आवाजाने थरथरणारा पातळ पडदा परत जाणारी लहर बदलायचा, बस्स. बनवणारे लिऑन थेरमिन, तेच ते हात न लावता वाजणाऱ्या वाद्याचे. हेतू हेरगिरीचा होता, पण माझ्या मते बिनबॅटरीच्या वायरलेस सेन्सरचं मूळ तिथेच आहे. पुढे 2000 नंतरच्या दशकात सिएटलला इंटेलच्या रिसर्च लॅबमध्ये जोशुआ स्मिथ आणि त्यांच्या टीमने विस्प बनवला, म्हणजे रीडरच्या लहरींवर चालणारा छोटा प्रोग्रॅमेबल मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटासा कॉम्प्युटर) आणि सोबत सेन्सर, आणि साध्या आरएफआयडी रीडरने तो वाचता यायचा. आता तर काही चिप अशा आहेत की वेगळा सेन्सरही लागत नाही, ओल आली की अँटेनाचं ट्यूनिंग सरकतं, चिप ते स्वतः सावरून घेते आणि किती सावरावं लागलं तोच ओलीचा आकडा. मला हे फार म्हणजे फार आवडतं.

पॅनलमध्ये लावताना मात्र डोकं लावावं लागतं. कागदी लेबलवाला टॅग तांब्यावर चिकटवला तर मुका होतो, धातूवर चालणाराच टॅग घ्यायचा. रीडरचा अँटेना त्याच कंपार्टमेंटमध्ये अर्थिंग केलेल्या भिंतीवर, क्लिअरन्स सांभाळून. चारी बाजूंनी पत्रा असल्याने लहरी आत आपटत राहतात आणि एखाद्या कोपऱ्यात एकमेकींना मारून टाकतात, तिथला टॅग दिसतच नाही, म्हणून पॅनल बंद असतानाच अँटेना थोडा इकडे थोडा तिकडे करून सगळे टॅग वाचले जातात ना ते बघायचं आणि मगच फिक्स करायचा, दार लावून परत एकदा बघायचं, कारण दार उघडं असताना चित्र वेगळं असतं. आणि रीडर बंद असेल तेव्हा टॅगही बंद, मधल्या वेळेचं रेकॉर्ड कुठेच नसतं, म्हणून रीडरची सप्लाय यूपीएसवरच हवी.

अलार्म फक्त एका आकड्यावर ठेवू नका असं माझं ठाम मत आहे. या टॅगच्या रीडिंगमध्ये दोन-चार डिग्रीचा फरक धरूनच चालायचं, शिवाय मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट यात पॅनलचं टेम्परेचर तसंही बदलतं. आर, वाय, बी तिन्ही फेजवर सारखे टॅग लावा आणि तिन्हींवर लोड सारखा असताना एकच फेज बाकी दोघांपासून वर वर सरकतेय का ते बघा, आकडा अजून लिमिटच्या खाली असला तरी पुढच्या शटडाउनमध्ये तो बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) चेक करा.