तुम्ही विचारलंत म्हणून: गणितातल्या संशोधनाचा कोणाला काय उपयोग?

विद्यापीठात गणित शिकवतो म्हटलं की प्रश्न ठरलेला. म्हापशाच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. "संशोधन करता म्हणजे काय, आणि आम्हांला त्याचा काय फायदा?" माझ्या कामाचा फायदा मलाच सांगता येत नाही, म्हणून मी कोसंबींचं सांगतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, आपल्या गोव्यातला. त्यांच्या नावाने इथे विचार महोत्सव भरतो, पण लोक त्यांना ओळखतात ते इतिहासकार म्हणून. पोट मात्र गणितावर चालायचं. पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना, १९४४ साली, त्यांनी जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र छापलं.

भानगड अशी. पुढच्या पिढीकडे जाताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुकं एकमेकांपासून जितकी लांब, तितकी त्यांची ताटातूट जास्त. पण मधे दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र येतात आणि मोजणाऱ्याला पत्ताच लागत नाही. हॉल्डेन या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञाच्या १९१९च्या सूत्रात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र धरली होती. प्रत्यक्षात एक झाली की तिच्या शेजारी दुसरी सहसा होत नाही. कोसंबींनी ते हिशेबात घेतलं. शंभरात २० वेळा ताटातूट दिसली, तर हॉल्डेनच्या सूत्राने अंतर येतं २५.५ सेंटिमॉर्गन (जनुकांमधलं अंतर मोजायचं एकक), कोसंबींच्या सूत्राने २१.२.

एवढ्याशा फरकाचं काय, असं वाटेल. केरळच्या पोक्काळी भातात खारेपणा सोसायला मदत करणारा 'सॉल्टोल' हा भाग पहिल्या गुणसूत्रावर सापडला. असा भाग हेरून दुसऱ्या वाणात आणायचा तर त्याच्या आसपासच्या खुणांचा नकाशा हवा, आणि पिकांच्या अशा नकाशांत कोसंबींचं सूत्र आजही वापरतात. बांध फुटून खाजनात, म्हणजे आपल्या खाडीकाठच्या शेतांत, खारं पाणी शिरलेलं ज्यांनी पाहिलंय, खारेपणा सोसणारं कोरगुट भात का पेरतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आणखी काय सांगायचं?

कोसंबींना कोणी भाताचा प्रकल्प देऊन बसवलं असतं तर हे सूत्र आलं असतं, असं मला वाटत नाही. आमचे बहुतेक शोधनिबंध कोणी वाचत नाही हेही खरं. माझे तर नाहीच.

१९४३ साली त्यांनी आणखी एक रीत मांडली होती, अस्ताव्यस्त मोजमापांतून मोजके महत्त्वाचे आकार वेगळे काढायची. आज ती खळाळत्या प्रवाहांच्या अभ्यासात वापरतात, चेहरे ओळखण्यातही ती वापरली गेली आहे. पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह या गणितज्ञांनाही ती स्वतंत्रपणे सापडली, आणि पाठ्यपुस्तकांत बहुधा त्या दोघांचीच नावं असतात. माझे विद्यार्थीही ती तशीच पाठ करतात.