रेघ माहेरी गेली

"आमच्या घराण्यात असलं काही नाही. हे हिच्याकडूनच आलंय." खुर्चीवर टेकता टेकताच आजींनी निकाल देऊन टाकला. सून तीन वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन गप्प. पडल्यावर ओठ आतून फाटला होता, चार दिवस रक्त झिरपत होतं. तपासणीत रक्त गोठवणारं फॅक्टर आठ ४ टक्के निघालं, म्हणजे मध्यम स्वरूपाचा हिमोफिलिया ए, रक्त लवकर न थांबण्याचा आजार.

अडचण अशी की आजींचं अर्धं बरोबर होतं. मुलाला बापाकडून वाय गुणसूत्र मिळतं, आणि हा दोष असतो एक्सवर, म्हणजे तो आईकडूनच येतो. एक तृतीयांश रुग्णांत तर घराण्यात आधी कुणालाच नसतो. पण हे ऐकवून भांडण मिटत नाही. मी कागद पुढे ओढला.

माझं काम तसं पेन्सिल-पट्टीचंच, आजार घराण्यात कसा उतरला त्याची वंशावळ काढायची. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आकृती भरायची, वाहक, म्हणजे दोष पुढच्या पिढीला देऊ शकणाऱ्या बाईच्या वर्तुळात टिंब. शहरातली मंडळी 'कझिन' म्हणाली की मी थांबवते. मामे, मावस, आते की चुलत ते सांगा. या आजारात मावसभाऊ म्हटलं की कान टवकारायचे, चुलतभावाला सहसा सोडून द्यायचं. नात्यांना इतके नेमके शब्द असल्याचा मला रोज फायदा होतो.

"आत्या, बाटली द्या ना," सून म्हणाली.

माझी पेन्सिल थांबली. "सख्ख्या आत्या?"

"मग! माझ्या भावाचीच लेक केली," आजी.

नवरा-बायकोतली एकेरी रेघ मी दुहेरी केली. नात्यातलं लग्न. "भाऊ कुठे असतात?"

"बाहेर बसलेत की, डबा घेऊन."

ते आत आले ते उजवा पाय ओढत. लहानपणी बैलगाडीवरून पडलो, तेव्हापासून गुडघा सुजतो, म्हणाले. एकदा दात काढला तर रात्रभर उशी भिजली होती. आणि त्यांचा मामा? "तो पोरवयातच गेला. विळा लागला, रक्त थांबलंच नाही."

मी दोन चौकोन काळे केले. बापाकडे एकच एक्स, तो प्रत्येक लेकीला जाणारच, म्हणून सुनेच्या वर्तुळात टिंब. त्या बापाच्या आईचा भाऊ आणि मुलगा दोघेही आजारी, म्हणून तिच्या वर्तुळातही टिंब.

आजींनी त्या वरच्या वर्तुळावर बोट ठेवलं. "ही माझी आई?"

"हो."

"मग मी?"

आजी वाहक असण्याची शक्यता आधी निम्मी. पण त्यांचा एकुलता मुलगा निरोगी, त्यामुळे ती एक तृतीयांशावर येते, आणि लेकीची एक षष्ठांशावर. हिशेब त्यांनी निमूट ऐकला, मग हळूच म्हणाल्या, "लेक आलीय माहेरी. चौथा महिना आहे."

पोराचं रक्त जनुक तपासणीसाठी मुंबईला, केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या एनआयआयएच या रक्तविकारांच्या संशोधन संस्थेला पाठवायचं ठरलं. त्याच्यातला दोष नेमका सापडला, की लेकीत तोच शोधता येतो. मी लेकीच्या वर्तुळात प्रश्नचिन्ह काढलं आणि तिला उद्याच घेऊन या म्हणाले.

सगळे उठले. दाराशी पोचल्यावर आजींचे भाऊ वळले. "सोमवारी दाढ काढायची आहे माझी. काढू ना?"

मी त्यांना परत बसवलं, आणि आधी त्यांच्या नावाचा केसपेपर काढायला माणूस पाठवला.