तेल बास्ता: मांजरदेवीच्या गावाला जा, पण गाडी ठरवून जाऊ नका

कैरोत कुणी ‘बास्तेत टेम्पल टूर’, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या बास्तेत या मांजरदेवीच्या देवळाची सहल, विकायला आलं, तर आधी त्याच्या हातातला फोटो नीट बघा. कानांत आणि नाकात सोन्याच्या बाळ्या, छातीवर चांदीचं पदक, अशी ताठ बसलेली ब्राँझची मांजर दिसली तर ती तुम्हाला तिथे भेटणार नाही. ती ‘गेयर-अँडरसन मांजर’ म्हणून ओळखली जाते, साधारण इ.स.पू. ६०० ची आहे आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. फोटोत रंगीत छत आणि त्याखाली उंच खांबांच्या रांगा असतील तर ते देऊळच दुसरं. बास्तेतचं मूळ गाव म्हणजे बुबास्तिस, आजचं तेल बास्ता. तिथे छप्पर शाबूत असलेलं देऊळ नाही. लाल ग्रॅनाइटच्या शेकडो शिळा मोकळ्या मैदानात अस्ताव्यस्त पडल्यात, त्या बघायला जायचं.

आणि जायचंच. माझं स्पष्ट मत आहे की गिझाच्या पिरॅमिडांपुढच्या गर्दीत तिसऱ्यांदा फोटो काढण्यापेक्षा इथला अर्धा दिवस कितीतरी मोलाचा आहे. फक्त तिथे पोहोचवण्याच्या नावाखाली जे लुटणं चालतं त्याबद्दल आधी लिहितो, कारण ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेल बास्ता हे शर्किया प्रांतातल्या झगाझिग शहराला चिकटून आहे, कैरोपासून ईशान्येला साधारण ८० किलोमीटर. सपाट रस्ता, घाट नाही, वाळवंट नाही. हॉटेलातल्या एकाने गाडी ठरवून दिली. जाऊन-येऊन १८०० इजिप्शियन पौंड, तिथलं थांबणं धरून, असं तोंडी ठरलं आणि हजार पौंड आगाऊ दिले. सकाळी आठला निघालेली गाडी ईशान्येला जायच्या ऐवजी गिझाकडे वळली. आधी पपायरसचं दुकान, मग अत्तराचं. ‘फक्त पाच मिनिटं, चहा घ्या’ म्हणत दुपार केली. झगाझिगला पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. मैदानात शिरून जेमतेम तासभर झाला तोच फोनवर फोन सुरू. थांबण्याचे ६०० वेगळे, दुसऱ्या प्रांतात आल्याचे ४०० वेगळे, आणि ‘पोलीस परवानगी’चे आणखी ४००. म्हणजे १८०० चे ३२०० झाले.

पोलीस परवानगी हा प्रकार निव्वळ बनाव होता. दारात पर्यटन पोलीस असतात, परदेशी माणूस दिसला की नाव आणि देश लिहून घेतात, एखादा शिपाई मागे मागे फिरतो. माझ्याकडून त्यांनी एक पियास्टरही मागितला नाही. उलट मी विचारल्यावर त्यातल्या एकानेच सांगितलं की असं काही शुल्क नाही. मग मी ड्रायव्हरला तिथेच निरोप दिला, आगाऊ दिलेल्या हजारावर पाणी सोडलं आणि संध्याकाळी रेल्वेने कैरोला परत आलो. झगाझिग स्टेशनवरून कैरोच्या रामसेस स्टेशनपर्यंत दीड-दोन तास लागतात, आणि तिकिटाचे पैसे त्या ‘थांबण्याच्या’ सहाशेपुढे किरकोळ होते. संतापाची गोष्ट ही की हीच रेल्वे सकाळी कैरोहूनही मिळते आणि हे हॉटेलात कुणी सांगत नाही.

तेव्हा सरळ रामसेस स्टेशनवर जा, झगाझिगचं तिकीट मागा. वातानुकूलित डबा मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी एवढा प्रवास साध्या डब्यात काहीच नाही. झगाझिगला स्टेशनसमोर घोड्यावर बसलेल्या अहमद ओराबीचा पुतळा दिसेल. ब्रिटिशांविरुद्ध १८८२ साली उभा राहिलेला हा सेनानी याच भागातला. तिथून टॅक्सी किंवा टुकटुक करा आणि ‘तल बस्ता’ म्हणा. ‘बास्तेत’, ‘बुबास्तिस’, ‘कॅट टेम्पल’ यातलं काहीही म्हटलं तर समोरचा गोंधळतो. बसण्याआधी भाडं ठरवा, सुटे पैसे जवळ ठेवा. गाडीच करायची असेल तर रक्कम, थांबण्याचे तास आणि ‘दुकान नाही’ हे कागदावर लिहून घ्या आणि आगाऊ काहीही देऊ नका.

आता जागेविषयी. पायांत बूट हवेत, चपला चालणार नाहीत. जमीन खड्ड्याखळग्यांची, काटेरी झुडपं, शिळांच्या कडा धारदार. सावली जवळपास शून्य. मी नोव्हेंबरात गेलो तरी दुपारी ग्रॅनाइटवर हात टेकवत नव्हता. उन्हाळ्यात जाणाऱ्याने दहाच्या आत आटपावं. दोन लिटर पाणी आणि टोपी शहरातूनच घेऊन जा.

मैदानात उभं राहिल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच कळत नाही, म्हणून थोडा अभ्यास करून जा. ही देवी मूळची मांजर नव्हेच. दुसऱ्या राजवंशाच्या काळापासून ती सिंहिणीच्या तोंडाची दिसते, रा या सूर्यदेवाची लेक आणि राजाची राखणदार. मांजरीचं सौम्य रूप तिला फार उशिरा आलं. हातात सिस्ट्रम नावाचं खुळखुळणारं वाद्य, दंडावर टोपली, पायाशी पिल्लं, हे ओळखीचं रूप इ.स.पू. पहिल्या सहस्रकातलं. सिंहीण मात्र आत राहिलीच. रागावली की सेखमेत ही उग्र सिंहीणदेवी आणि प्रसन्न झाली की बास्तेत, असं इजिप्शियन लोक मानत.

सहाव्या राजवंशातल्या पेपी पहिल्याने इथे छोटं देऊळ बांधलं, त्याचे चुनखडीचे चौकोनी खांब अजून दिसतात. खरी भरभराट झाली बाविसाव्या राजवंशात. लिबियन वंशाच्या शोशेंक पहिल्याने इ.स.पू. ९४३ च्या सुमाराला सत्ता घेतली. या घराण्याचा बुबास्तिसशी निकटचा संबंध होता, त्यामुळे गावाला राजाश्रय मिळाला. ओसोरकोन पहिला आणि दुसरा यांनी देऊळ वाढवलं. ओसोरकोन दुसऱ्याने आपल्या सेद उत्सवाची, म्हणजे राज्याच्या नूतनीकरणाच्या सोहळ्याची, अख्खी मिरवणूक एका ग्रॅनाइटच्या महाद्वारावर कोरून घेतली. १८८७ ते १८८९ या काळात एदुआर नाव्हिल या स्विस पुरातत्त्वज्ञाने इथे उत्खनन केलं तेव्हा ते द्वार कोसळून शिळांचा ढीग झालेला होता. कोरीव शिळा आणि खांबांचे माथे पुढे लंडन, बॉस्टन अशा दूरच्या संग्रहालयांत गेले.

जे उरलंय तेही खूप आहे, पण वाकून बघावं लागतं. एका आडव्या पडलेल्या शिळेपाशी मी बराच वेळ उकिडवा बसलो होतो. त्यावरच्या लांबट चौकटीत, जिच्यात राजाचं नाव कोरतात, एक उंच, वर झाकण बांधलेली बरणी आहे. ही मलमाची बरणी म्हणजे बास्तेतच्या नावाची खूण. ओसोरकोन दुसरा स्वतःला ‘बास्तेतचा पुत्र’ म्हणवून घेई आणि ही पदवी थेट नावाच्या चौकटीतच घालत असे. ग्रॅनाइट इतका कठीण, पण बरणीच्या गळ्याशी बांधलेली दोरीसुद्धा कोरणाऱ्याने सोडलेली नाही. बोट फिरवलं तर खाच लागते. जवळजवळ तीन हजार वर्षांचं ते काम असं उघड्यावर, गवतात पडलंय. मला त्या क्षणी ड्रायव्हरचा, पैशांचा, सगळ्याचा विसर पडला. ही बरणी शोधत फिरा, मग ते शिळांचं रान एकदम बोलायला लागतं. पहारेकरी ‘सिक्रेट स्टोन’ दाखवतो म्हणून पैसे मागेल तर नाही म्हणा. इथे काहीच लपलेलं नाही.

नंतर मैदानाच्या कडेला उरलेल्या एखाद्या उंचवट्यावर चढा. इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इथे आला होता. त्याने लिहिलंय की मोठी देवळं त्याने पुष्कळ पाहिली, पण डोळ्यांना याहून सुखावणारं दुसरं नाही. देवळाच्या दोन्ही अंगांनी नाईलचे कालवे, प्रत्येक कालवा शंभर फूट रुंद, काठाला झाडं. भोवतीचं गाव पिढ्यान्‌पिढ्या उंच होत गेलं आणि देऊळ मूळच्याच पातळीवर राहिलं, म्हणून गावातून कुठूनही खाली देऊळ दिसे. वार्षिक यात्रेला स्त्री-पुरुष होड्या भरभरून येत, बायका खुळखुळे वाजवत, पुरुष पावे. वाटेत प्रत्येक गावाशी होडी काठाला लावून तिथल्या बायकांची थट्टामस्करी चाले. स्थानिकांच्या सांगण्यावरून तो सात लाख माणसांचा आकडा देतो, आणि उरलेल्या वर्षभरात पीत नाहीत इतकं द्राक्षमद्य या एका सणात पितात असंही. आकडा फुगवलेला असेल, पण यात्रा मोठी होती यात शंका नाही. इ.स.पू. २३८ मध्ये पुजाऱ्यांच्या सभेने काढलेल्या कॅनोपसच्या आज्ञापत्रातही बुबास्तिसच्या सणांचा उल्लेख आहे, आणि त्याच आज्ञापत्राची एक प्रत २००४ साली याच मैदानात सापडली.

मग ते उंच गाव गेलं कुठे? शेतात गेलं. मातीच्या जुन्या विटा उत्तम खत होतात, म्हणून नाईलच्या डेल्टातल्या अशा टेकड्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं खणून नेल्या. देवळाच्या उत्तरेला मांजरांची दफनभूमी आहे. हेरोडोटस सांगतो की घरातलं मांजर मेलं तर माणसं भुवया काढत आणि त्याला पुरायला बुबास्तिसला आणत. ही भावना खरी होती. पण उत्तरकाळात देवीला वाहायला मांजरांचा धंदाही उभा राहिला. क्ष-किरण आणि स्कॅनमध्ये अनेक ममींत काही महिन्यांची पिल्लं दिसतात, मान मोडलेली. आणि १८९० साली मध्य इजिप्तमधल्या बेनी हसनजवळच्या दफनभूमीतून सुमारे १९ टन मांजरांच्या ममी लिव्हरपूलला गेल्या, लिलावात विकल्या आणि दळून खत म्हणून इंग्लंडच्या शेतांत टाकल्या. मांजरावर जीव असलेल्या माणसाला हे वाचवत नाही. तरी वाचून जा. ‘मांजरांच्या ममी बघायला मिळतील’ या आशेने तेल बास्ताला जाऊ नका, दफनभूमीत आज बघण्यासारखं फारसं नाही.

आवारातलं छोटं संग्रहालय उघडं असेल तर आधी तेच करा. बाहेर रामसेस दुसऱ्याच्या घराण्यातल्या मेरितामून राणीचा प्रचंड पुतळा आहे, तो चुकवू नका. १९०६ मध्ये रेल्वेच्या कामात इथे सोन्याचांदीची भांडी सापडली, त्यात बोकडाच्या आकाराची सोन्याची मूठ असलेली चांदीची सुरई आहे. ती मात्र इथे नाही, कैरोला गेली.

मांजरांच्याच मागावर असाल तर सक्कारा, कैरोच्या दक्षिणेची प्राचीन दफनभूमी. तिथल्या कड्यात बुबास्तेयन नावाचं बास्तेतचं ठाणं होतं आणि जुन्या थडग्यांत मांजरांच्या ममी भरलेल्या होत्या. २०१८ साली तिथे डझनावारी ममी आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी मांजरी सापडल्या. तुतनखामुनच्या दाईच्या, मायाच्या थडग्यात तर सिंहाचा सांगाडा मिळाला. यातलं कुठलं थडगं आज उघडं आहे हे फक्त तिकीट खिडकीवर विचारा, बाहेरच्या माणसाच्या ‘ओपन, ओपन’वर विश्वास ठेवू नका. मोठ्या ठिकाणी तिकीट कार्डावरच मिळतं, नोटा दाखवून उपयोग नाही.

अलेक्झांड्रियाला गेलात तर तिथे कोम अल-दिक्का भागात २०१० साली इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या बेरेनिके राणीच्या काळातलं बास्तेतचं देऊळ आणि सुमारे ६०० मूर्ती सापडल्या, एवढं लक्षात असू द्या. फोटोतल्या त्या बाळ्यावाल्या मांजरीची प्रतिकृती कैरोतच इब्न तुलून मशिदीला लागून असलेल्या गेयर-अँडरसन संग्रहालयात आहे. तिच्यासाठी टूर लागत नाही.

लहान मुलं किंवा गुडघेदुखी असलेलं कुणी बरोबर असेल तर तेल बास्ता टाळा, बसायला जागा नाही. शाकाहारी मंडळींनी झगाझिग स्टेशनजवळ कोशरी (भात, मसूर आणि मॅकरोनी) किंवा ‘फूल’ (वालासारख्या दाण्यांची उसळ) खाऊनच टॅक्सी करावी, आवारात खायला काही मिळत नाही. आणि परतीच्या गाड्यांच्या वेळा उतरल्या-उतरल्या स्टेशनवरच विचारून ठेवा. अंधार पडल्यावर फलाटावर ‘गाडी गेली, टॅक्सी करा’ म्हणणारे भेटतात, मलाही भेटले, आणि गाडी वीस मिनिटांनी आली.